मोहरीएवढी काच

आमच्या सूनबाईंनी एकदा वरणाला काचेची फोडणी दिली असती. थोडक्यात वाचलो. चूक माझीच. मिसळणाच्या डब्यातल्या एका रिकाम्या वाटीत मी काचेचे बारीक मणी ठेवले होते, कारण अख्ख्या घरात मला नक्की सापडेल अशी तेवढी एकच जागा आहे. तेल तापलेलं, चमचा वाटीत गेलेला आणि स्वयंपाकघरातून हाक आली, "आई, ही मोहरी पांढरी कशी?" तेव्हापासून मणी माझ्या कपाटात आणि मी स्वयंपाकघराबाहेर, अशी वाटणी झाली आहे.

फुंकणी मात्र अजून लाटण्याशेजारच्या खिळ्यालाच टांगलेली असते. पितळेची आहे, वीतभर लांब, टोकाशी वाकलेली. तिला हात लावायचा नाही असं मी घरात सगळ्यांना बजावलं आहे. ती माझ्याकडे कशी आली, हेच सांगायला बसले आहे.

सांगलीच्या विश्रामबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या बायका विचारतात, "निवृत्त झाल्यावर वेळ कसा जातो हो?" मी सांगते, "मणी करते." त्यांना वाटतं, जपाचे. एकीनं तर तिच्या गळ्यातल्या सरासाठी ऑर्डरही दिली होती. मग मी त्यांना समजावून सांगते, तसं तुम्हालाही सांगते. काचेची भरीव कांडी जाळावर धरायची. मऊ झाली की दोन्हीकडून ओढायची, की तिचा केसासारखा धागा होतो. त्या धाग्याचं टोक परत जाळात धरायचं. काच वितळते आणि आपली आपणच गोळा होऊन टोकाला मणी धरते. हा मणी म्हणजे भिंग. जाड पुठ्ठ्याला सुईनं भोक पाडून त्यात मणी बसवायचा, मागे कांद्याचा पापुद्रा धरायचा, मण्याला डोळा अगदी चिकटवायचा आणि खिडकीकडे बघायचं. झाला सूक्ष्मदर्शक. मणी जेवढा लहान, तेवढं चित्र मोठं. हल्लीची पोरं हाच मणी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटवतात आणि फोटो काढून मला पाठवतात. सकाळी उठून बघावं तर फोनवर कुणाच्या तरी डोक्यातली ऊ.

माझी सगळी नोकरी विट्याच्या पलीकडच्या एका गावातल्या शाळेत झाली. मी विज्ञान शिकवायची. शाळेत खरा सूक्ष्मदर्शक एकच होता. तो कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या शालीत गुंडाळून मी ठेवायची. मुख्याध्यापक हसायचे. पण मी वाढले कोयनानगरला, धरणाच्या कॉलनीत. तिथं जमीन कधी हलेल याचा नेम नसायचा, आणि काचेची बरणी वरच्या फळीवर ठेवणाऱ्या बाईला कॉलनीत वेडी समजायचे. लहानपणची सवय, ती कुठली जाते?

एक यंत्र आणि वर्गभर पोरं, म्हणजे रांग आली. रांगेत प्रत्येकाच्या वाट्याला डोळा टेकवून उचलण्याइतकाच वेळ यायचा. त्यात पोराला स्वतःच्या पापण्यांचे केस दिसायचे, नाहीतर नुसता पांढरा गोल. पण प्रत्येक जण मान वर करून म्हणायचा, "दिसलं, बाई." 'नाही' म्हणून सांगतो कोण? मागचा ढकलतोय, पुढे बाई उभ्या आहेत, आणि आधीच्या सगळ्यांना तर दिसलंय! मोठी माणसं तरी कुठं वेगळी असतात म्हणा. एकदा तपासणीला एक साहेब आले. गडबडीत मी काचपट्टी लावायचीच विसरले होते. साहेबांनी वाकून डोळा लावला आणि म्हणाले, "वा! पेशी अगदी स्पष्ट." मी म्हटलं, "हो साहेब."

इतकी वर्षं रांगेशेजारी उभी राहून एक गोष्ट मात्र मला कळली. ज्याला खरंच दिसतं, तो 'दिसलं' म्हणतच नाही. त्याची बडबड बंद पडते, तोंड थोडं उघडं राहतं आणि मागच्यानं कितीही ढकललं तरी तो जागचा हलत नाही. अशी पोरं वर्गात एखाददुसरीच निघायची, आणि त्यांच्याच जिवावर मी बाकीचं सगळं सहन केलं.

नववीत कावेरी आली. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस गलाईला असतो. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवायचं, तेजाबानं त्यातला मळ काढायचा आणि सोनाराला शुद्ध सोनं करून द्यायचं. देशातल्या कुठल्याही शहरात सोनारांच्या गल्लीत जा, विट्याकडचा माणूस भट्टीपुढे बसलेला सापडेल. जत्रेला तो गावी येतो, एरवी तिकडचाच होऊन राहतो. कावेरीचे वडील भरतराव असेच तमिळनाडूत होते. मुलगी तिकडेच जन्मली, तिकडच्याच नदीचं नाव घेऊन वाढली. आपल्या भाषेत शिकावी म्हणून त्यांनी तिला गावी आजीजवळ ठेवलं. तिचं मराठी ऐकून पहिल्याच दिवशी वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून कावेरीनं तोंड बंद केलं ते केलंच. हजेरीला नुसता हात वर करायची. पेपर कोरे द्यायची.

मग सूक्ष्मदर्शकाची रांग लागली. सगळे 'दिसलं, दिसलं' करत पुढे सरकले. कावेरीनं डोळा लावला, वर केला, परत लावला. मागून ढकलाढकली सुरू झाली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "नाय दिसत, बाई."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत खरं बोलणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. शाळा सुटल्यावर मी तिला थांबवलं, नीट दाखवलं, आणि तिला दिसलं. म्हणजे ती काहीच बोलली नाही. शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभा राहिला तरी हलली नाही. त्याच दिवशी ठरवलं, रांग नको. प्रत्येक पोराच्या हातात स्वतःचा मणी द्यायचा.

ठरवणं सोपं होतं. मी आधी काचेच्या नळीचे मणी केले. नळी पोकळ, मण्यात हवेचा बुडबुडा. मग भरीव कांडी घेतली, तर मणी लांबट, आवळ्याच्या बीसारखे. कावेरी रोज शाळा सुटल्यावर माझ्या टेबलापाशी थांबायची. बोलायची नाही, पण मणी उजेडाकडे धरून वाईट निघाला की मान हलवायची. मुलगी मुकी असली तरी तोंडावर खरं बोलते, असं मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. बाकीचे म्हणाले, "बाई, ती नापास होतेय."

जत्रेला भरतराव आले. शाळेत येऊन गुण बघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की सोमवारी ते कावेरीला परत घेऊन जाणार. ते ऐकून शाळेतून मी तशीच त्यांच्या घरी गेले. पिशवीत स्पिरिटचा दिवा, काचेच्या कांड्या आणि वाईट मण्यांची डबी तशीच होती.

भरतरावांनी अंगणात खुर्ची दिली. मोठा धिप्पाड माणूस, गळ्यात सोन्याची साखळी, पण बोटांची नखं तेजाबानं पिवळी पडलेली.

"आवं बाई, तुमी आलासा, बरं वाटलं," ते म्हणाले. "पण माझं ठरलंय. सोमवारी जाताना शाळंत येतो. दाखला तेवढा काढून ठेवा."

"तिकडे कुठल्या शाळेत घालणार?"

"कुठली शाळा? मधनंच नववीत कोण घेतंय? आईला हातभार लावंल, धाकट्याला बघंल."

"म्हणजे शाळा सुटलीच की हो तिची."

"मला काय हौस हाय व्हय? तिकडं पोरगी दिवसभर बोलायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, टेप लावलीया जणू. हितं मुकी झालीया, बाई. रातच्याला फोनवर बी नुसतं हूं हूं करती. शिकली न्हाई तर न्हाई, पर बोलू दे की लेकराला."

बाप खोटं बोलत नव्हता. कावेरी दाराआडून आली, तिनं माझ्या पिशवीतली डबी उघडली आणि एक मणी वडिलांच्या तळहातावर ठेवला.

भरतरावांनी तो चिमटीत धरून उन्हाकडे केला. एकदम त्यांचा चेहराच बदलला. "हे कुणी वितळवलंय?"

"मी."

"जाळ कच्चा हाय, बाई. त्याचं टोक लागलं न्हाई नीट."

ते उठले, घरात गेले आणि ही फुंकणी घेऊन आले. दुकानात आता सगळं गॅसवर चालतं, पण फुंकणी त्यांच्या वडिलांची, म्हणून ती प्रत्येक प्रवासात बॅगेत असते. मी दिवा पेटवला. भरतरावांनी गाल फुगवले आणि फुंकू लागले. तोंडातून वारा बाहेर आणि त्याच वेळी नाकातून श्वास आत, मधे खंड नाही. दिव्याची लोळणारी ज्योत सुईसारखी निळी, आडवी झाली. काच त्यात धरली तर बघता बघता गोल मणी!

आणि इथं त्यांच्या हातानं सवयीनं काम केलं. मऊ मण्यावर त्यांनी चिमूटभर टाकणखार टाकला. सोनं वितळवताना टाकतात, मळ निघतो. काचेतला मळ कुठला निघायला? मणी वरून खरखरीत झाला. दुसरा मणी छान निघाला, तर तो लाल असतानाच त्यांनी शेजारच्या तांब्यात टाकला. तड आवाज आला आणि मण्याचा चुरा झाला.

"सोनं असं करत न्हाई," भरतराव तांब्यात वाकून बघत म्हणाले.

"सोनं नाहीच ते, भरतराव."

"व्हय की."

ओसरीवर तांदूळ निवडणारी त्यांची आई म्हणाली, "आरं, तव्यावरली भाकरी पाण्यात टाकतंय का कोण? राखंत ठेव की." आणि कावेरी हसली. खळखळून हसली. तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मग भरतरावांनी वर्गाला पुरतील इतके मणी केले आणि आम्ही ते चुलीतल्या कोमट राखेत निवायला ठेवले. पुठ्ठा लग्नपत्रिकेचा. आमच्या भागात लग्नपत्रिकांना तोटा नाही आणि त्या असतातही पाटासारख्या जाड. गणपतीचं चित्र बाजूला काढून कावेरीनं दोन तुकडे कापले, भोकं पाडली, मधे मणी बसवून चिकटपट्टी लावली. मागे कांद्याचा पापुद्रा, आणि तो मण्याच्या जवळ दाबून धरायला वाळत्या कपड्यांचा चिमटा. तिनं बघितलं. मग गप्प उभी राहिली, तोंड थोडं उघडं. मणी उत्तम होता.

मग तिनं तो वडिलांना दिला. भरतरावांनी डोळ्याला लावल्यासारखं केलं आणि लगेच खाली घेतला. "दिसलं की! लय भारी!"

कावेरीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. दोघींनाही कळायचं ते कळलं. निघताना भरतराव नम्रपणे म्हणाले, "मग बाई, सोमवारी दाखला."

सोमवारी शाळेच्या फाटकाशी जीप येऊन उभी राहिली. कावेरीची बॅग मागच्या सीटवर दिसत होती. भरतराव ऑफिसात गेले. मी मुख्याध्यापकांना सांगून कावेरीला शेवटचा एक तास वर्गात बसवून घेतलं होतं. राखेतल्या त्या मण्यांची यंत्रं आज पोरांना वाटायची होती, आणि ज्या मुलीनं ती बनवली तीच तिथं नसावी, हे मला बघवलं नसतं.

कावेरीनं स्वतःच्या यंत्रात कांदा लावला नव्हता. गलाईवाले कसली म्हणून धूळ वाया घालवत नाहीत. दुकानाचा केर साठवतात, कामावरचा सदरा विटला तरी फेकत नाहीत, जाळून त्याच्या राखेतलं सोनं काढतात. कावेरीनं वडिलांच्या जुन्या सदऱ्याच्या शिवणीतली धूळ चिकटपट्टीवर घेतली होती. त्यात एक बारीक कण उन्हात पिवळा चमकत होता. वर्गात बातमी फुटली, सोनं बघायचंय! सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला.

पहिला नंबर अर्थातच अनिकेतचा. वर्गातलं सगळ्यात वांड पोरगं. त्यानं डोळा लावला आणि ओरडला, "आरं, काळं हाय की हे! काळंकुट्ट!"

दुसऱ्यानं बघितलं. "व्हय रं, काळंच."

"हिच्या बापाचं सोनं खोटं हाय, गड्या!"

वर्ग खो खो हसला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दाराकडे लक्ष गेलं. दाखल्याचा कागद हातात घेऊन भरतराव उंबऱ्यात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. गलाईवाल्याला काहीही बोला, तो ऐकून घेईल, पण त्याच्या सोन्याला खोटं म्हणू नका. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात हा माणूस फक्त त्या एका विश्वासावर उभा असतो. त्यांचा हात दाराच्या चौकटीवर घट्ट आवळला गेला.

आणि कावेरी बोलली.

"थांब," ती अनिकेतला म्हणाली. "तू खिडकीकडे बघतो ना? उजेड तिकडून येतो. कांदा उजेडाला वाट देतो, म्हणून तो चमकतो. सोनं वाट देत नाय. उजेड मागेच राहतो. म्हणून काळा."

"असं कुठं असतंय व्हय?" अनिकेत म्हणाला.

तिनं वर्गभर नजर फिरवली आणि दाराकडे बोट केलं. "तिकडे बघ. माझे अप्पा. मागे ऊन आहे. अप्पाचं तोंड दिसतं काय? काळं दिसतं. पूर्ण काळं. मग अप्पा खोटे काय?"

सगळ्या वर्गानं वळून बघितलं. उन्हाच्या चौकटीत भरतराव उभे होते, अंधारासारखे काळे. कुणी हसलं नाही. मी त्या टेबलामागे उभी राहून वर्षानुवर्षं पारदर्शक आणि अपारदर्शक शिकवलं होतं, फळ्यावर बाण काढून काढून माझा हात दुखला होता. त्या दिवशी तो धडा मला कुणीतरी पहिल्यांदा शिकवला. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पोरांसमोर पुसलेही.

भरतराव आत आले. पायताण दाराबाहेर काढून आले, देवळात यावं तसे.

"बाई," ते म्हणाले, "मला परत बघू द्या. परवा मला काय बी दिसलं न्हवतं."

कावेरीनं यंत्र त्यांच्या हातात दिलं. "अप्पा, डोळा मिटू नका. दोन्ही उघडे. जवळ घ्या. अजून जवळ."

"हं."

"आता चिमटा हळू दाबा. दिसतं?"

"न्हाई."

"हळू, अप्पा."

"न्हाई गं."

"अजून थोडं."

यावर उत्तर आलं नाही. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरनं हाक मारली, "भरतशेठ, चला की! अंधाराच्या आत घाट गाठू!" भरतराव हलले नाहीत. त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं. हॉर्न परत वाजला. अनिकेत बाजूला सरकला आणि त्यानं त्यांच्यासाठी खिडकीचं दुसरं दारही उघडून दिलं.

नंतर मी त्यात बघितलं. सदऱ्याचा एक धागा आडवा पडला होता, काचेच्या दोरखंडासारखा लखलखीत, आणि त्याला बिलगून एक काळा कण बसला होता.

पुढचं सगळं तुम्हाला सांगत बसत नाही. कावेरी आता सांगलीत कॉलेजात आहे. रविवारी माझ्याकडे येते, मणी करते आणि इतकं बोलते, की आमच्या सूनबाई रेडिओ बंद करतात. गावोगावच्या शाळांतून आमचे मणी गेले, किती गेले ते आम्ही मोजलं नाही. लोक मला म्हणतात, बाई, तुम्ही पोरांना किती दिलंत. मला खरंच हसू येतं. मला ज्यांनी दिलं त्यांची नावं काढायची तर पहिलं नाव त्या मुलीचं, जी मला 'नाय दिसत' म्हणाली, आणि दुसरं तिच्या बापाचं, ज्यानं तेच सगळ्या वर्गासमोर म्हणून दाखवलं. या दोघांचे उपकार मला फेडायचेही नाहीत. ते असू देत.

तर त्या सोमवारी भरतरावांनी यंत्र हळूच टेबलावर ठेवलं आणि ते बाहेर गेले. जीपचं दार उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता लेकीला हाक मारणार. कावेरीही दप्तर उचलून उभी राहिली. भरतराव परत आले ते तिची बॅग घेऊन. ती त्यांनी माझ्या टेबलाच्या पायाशी ठेवली आणि दाखल्याची घडी करून माझ्याकडे दिली.

"ऱ्हाऊ द्या हे," ते म्हणाले. "हितं बी बोलती की."

मग खांद्यावरच्या आपल्या बॅगेची चेन उघडून त्यांनी आतून वडिलांची फुंकणी काढली, सदऱ्याला पुसली आणि माझ्या हातात ठेवली.

"जाळ कच्चा ठेवू नका, बाई."